तंबोऱ्याला तार कोणती लावावी?

तुळजापुरास भवानीच्या गोंधळात संबळाच्या जोडीला जे तुणतुणे वाजते, त्याहून साधे तंतुवाद्य महाराष्ट्रात सापडणे कठीण. एक पोकळ लाकडी नळकांडे, त्याच्या बुडाला मढविलेले कातडे, बाजूस बसविलेली काठी, काठीच्या शेंड्याला एक खुंटी आणि कातड्याच्या मध्यापासून त्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार, एवढाच त्याचा संसार. गोंधळी गावयास उभा राहिला म्हणजे आधी खुंटी पिळून तार आपल्या गळ्याशी मिळवून घेतो. उंच गळ्याचा गोंधळी ती अधिक ताणतो, खालच्या आवाजाचा गोंधळी सैल सोडतो. तारेने गळ्याच्या मागे जावे, गळ्याने तारेच्या मागे जाऊ नये, हा नियम त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेला नसतो. परंतु त्याचे आचरण तो नित्य करीत असतो.

हाच नियम तंबोऱ्याच्या बाबतीत मात्र घरोघर मोडला जातो. धाराशिवसारख्या शहरात मुलामुलींना गाणे शिकविण्याची हौस असलेली घरे थोडीथोडकी नाहीत. अशा एखाद्या घरी आजोबांच्या वेळचा मोठा तंबोरा कोपऱ्यात गवसणी घालून ठेवलेला असतो. नात गाणे शिकू लागली म्हणजे तो बाहेर निघतो, पुसला जातो, आणि त्याच्यावर ज्या जुन्या तारा असतात त्यांवरच तालीम सुरू होते. आजोबांची पट्टी काळी एक, नातीचा गळा काळी चारचा. येथे दोनच गोष्टी संभवतात. एक तर मुलीला ओढून खालच्या पट्टीत गावयास लावले जाते व तिचा खर्ज घशात अडकतो. अथवा तारा पिळून पिळून वर चढविल्या जातात, आणि मग तार तुटते, खुंटी घसरते, दांडीस बाक येतो. पहिल्या प्रकारात गळ्याचे नुकसान, दुसऱ्यात वाद्याचे. दोन्हीही टाळावयाचे असल्यास तारेची जाडी, लांबी व ताण यांचे परस्परांशी नाते काय आहे, ते समजून घेतले पाहिजे. ते नाते फारसे अवघड नाही. त्रैराशिक ज्याला येते त्याला ते सहज कळेल.

प्रथम वाद्याची थोडी ओळख करून घेणे योग्य होईल. महाराष्ट्रात तंबोरा म्हटले की मिरजेचे नाव निघते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेच्या पटवर्धन संस्थानात फरीदसाहेब यांनी तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला. हे घराणे मूळचे हत्यारांच्या कारागिरीतले. तलवारींचे दिवस सरले, आणि धातूस धार लावणारे हात लाकडाला सूर लावू लागले. त्यांच्या वंशजांनी सतारमेकर हेच आडनाव धारण केले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांचे वास्तव्य मिरजेसच असे, आणि तंबोरा अतिशय बारकाईने मिळविण्याबद्दल त्यांची ख्याती होती. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक निर्देशांकाची सरकारी मान्यता मिळाली. ह्या वाद्यांचा भोपळा मात्र मिरजेचा नव्हे. तो येतो धाराशिवला लागूनच असलेल्या सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकाठच्या शेतांतून. भाजीच्या भोपळ्याहून हा निराळा. तो कडू असतो, आणि त्याचे कवच जाड व टणक होईपर्यंत वेलावरच वाळू देतात.

तंबोऱ्याला सामान्यतः चार तारा असतात. पहिली तार मंद्र पंचमाची. मधल्या दोन तारा मध्य षड्जाच्या; त्या एकाच स्वरात मिळवावयाच्या असल्यामुळे त्यांस जोड म्हणतात. चौथी तार मंद्र षड्जाची, म्हणजे खर्जाची. घोडीपासून दांडीच्या वरच्या टोकाकडील अटीपर्यंत तारेचा जेवढा भाग मोकळा असतो तेवढाच बोलतो. पुरुषी तंबोऱ्यात हा भाग सुमारे एक मीटर, तर बायकी तंबोऱ्यात त्याहून आखूड, साधारण ऐंशी ते नव्वद सेंटिमीटर धरता येईल. चारही तारांची बोलणारी लांबी जवळजवळ सारखीच असते. लांबी एकच, तरी स्वर तीन. हे कसे साधते, ह्याच प्रश्नात सारे मर्म आहे.

तारेचा स्वर कशावर अवलंबून असतो, ह्याचे नियम मारँ मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६३६ साली आपल्या संगीतविषयक ग्रंथात मांडले. ते तीन आहेत. पहिला, तार अर्धी केली की कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणजे स्वर एक सप्तक वर जातो. दुसरा, ताण चौपट केला की कंपनसंख्या दुप्पट होते. तिसरा, तारेचे लांबीमागे वजन चौपट झाले की कंपनसंख्या निम्मी होते. आता एकाच धातूची तार दुप्पट जाड घेतली तर तिचे वजन चौपट भरते. कारण जाडी दुप्पट झाली की छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते. म्हणून तिसरा नियम व्यवहारात असा सांगता येईल : ताण व लांबी तीच ठेवून तार दुप्पट जाड घेतली, तर स्वर नेमका एक सप्तक खाली उतरतो.

तुणतुणे वाजविणाऱ्याच्या हाती ह्या तिहींपैकी फक्त ताण असतो. त्याची तार एक, लांबी ठरलेली, जाडी ठरलेली. खुंटी पिळणे एवढाच उपाय. तंबोऱ्याचे तसे नाही. तेथे चारही तारांवरचा ताण शक्यतो सारखा असावा लागतो. एक तार करकचून ताणलेली व दुसरी लोंबणारी असली तर बोटाला दोन्ही निरनिराळ्या लागतात. छेडताना एक तार ओरडते, दुसरी पुटपुटते, आणि चौघींचा मिळून जो एक अखंड नाद उठावयाचा तो उठत नाही. सारखा ताण ठेवून निरनिराळे स्वर काढावयाचे तर जाडीच बदलली पाहिजे. तारेची जाडी निवडणे म्हणजे दुसरे तिसरे काही नसून चार तारांवर ताणाची वाटणी करणे होय.

एक उदाहरण मांडून पाहू. पुरुषी तंबोरा, बोलणारी लांबी एक मीटर, पट्टी काळी एक. जोडीचा स्वर सेकंदास सुमारे १३९ कंपने. तेथे ०.३५ मिलिमीटर जाडीची पोलादी तार लावली तर तिच्यावर सुमारे ५.९ किलो वजन टांगल्याइतका ताण पडतो. खर्ज बरोबर एक सप्तक खाली. तीच ०.३५ ची तार खर्जास लावली, तर ताण चौथाईवर, म्हणजे दीड किलोवर येईल. एवढी सैल तार छेडली असता ती घोडीवर फडफडते व स्वर डळमळतो. ताण ५.९ किलोच राखावयाचा तर पोलादी तार दुप्पट जाड, म्हणजे ०.७० मिलिमीटरची लागेल. परंतु पोलाद कठीण. जाड पोलादी तार लवचीक दोरीप्रमाणे न वागता काहीशी सळईप्रमाणे वागू लागते, आणि तिच्यातून निघणारे वरचे स्वयंभू स्वर आपल्या जागेवरून किंचित वर सरकतात. म्हणून खर्जास पितळेची तार लावण्याची रीत पडली. पितळ पोलादाहून जड आहे आणि वाकण्यास मऊ आहे. जड असल्यामुळे तीच किमया थोड्या कमी जाडीत साधते. वरील तंबोऱ्यास ०.६७ मिलिमीटरची पितळी तार पुरते, आणि तिचा नाद भरदार व गोल येतो.

पंचमाचा हिशोब असाच. मंद्र पंचमाची कंपनसंख्या मध्य षड्जाच्या पाऊणपट असते. तेव्हा सारख्या ताणासाठी तार जोडीच्या तारेहून एकतृतीयांशाने जाड हवी. म्हणजे ०.३५ च्या जोडीला सुमारे ०.४७ चा पंचम झाला. येणेप्रमाणे जोड ०.३५, पंचम ०.४७, खर्ज पितळी ०.६७ असा संच बसविला म्हणजे चारी तारा मिळून वाद्यावर साडेतेवीस किलोंच्या आसपास भार पडतो. बाजारात नेमकी हीच मापे मिळतील असे नाही. जवळची मिळाली तरी चालतात. हिशोबाचा उपयोग एवढाच की, दुकानदाराने पुढे टाकलेल्या वेटोळ्यांपैकी कोणते कोठे शोभेल हे ओळखता यावे.

आता नातीच्या गळ्याकडे वळू. काळी एकपासून काळी चार म्हणजे षड्जापासून पंचमाइतके अंतर; कंपनसंख्या दीडपट. दीडाचा वर्ग सव्वादोन. अर्थात् तीच तार तेथवर चढविली की ताण सव्वादोनपट होतो : एका तारेवर ५.९ ऐवजी १३ किलोंहून अधिक, आणि चारी तारांचा मिळून ५३ किलो. एखादे प्रौढ माणूस तंबोऱ्याच्या घोडीवर उभे करण्याचाच हा प्रकार. तबलीचे पातळ लाकूड खाली दबले, अथवा भोपळ्याचा व दांडीचा सांधा उकलला, तर त्यात कारागिराचा दोष नाही.

येथे बहुतेकांच्या मनात एक समजूत असते : तार तुटते ना, मग जाड लावा, जाड तार बळकट. ही समजूत वरवर पाहता बिनतोड वाटते, परंतु ती चूक आहे. जाड तार अधिक भार सोसते हे खरे; पण त्याच स्वरास आणण्यासाठी तिला भारही तितक्याच पटीने अधिक द्यावा लागतो. तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट केले, तर तिची ताकद दुप्पट होते, वजन दुप्पट होते, आणि लागणारा ताणही दुप्पट होतो. फायदा व तोटा फिटंफाट. दर चौरस मिलिमीटरामागे पडणारा ताण जाडीने बदलत नाही. तो लांबी, स्वर व धातू ह्या तिहींवरच ठरतो. एक मीटर लांबीच्या पोलादी तारेत काळी एकच्या षड्जाला तो ६१ किलोंच्या आसपास असतो, काळी चारच्या षड्जाला १३८ किलो. तार अर्ध्या मिलिमीटरची असो की पाव मिलिमीटरची, आकडा तोच. उलट बारीक ओढलेल्या तारेचे पोलाद जाड तारेपेक्षा थोडे अधिकच चिवट असते. तेव्हा तुटणाऱ्या तारेच्या जागी जाड तार लावणे म्हणजे तार वाचविणे नव्हे. तबलीवरचा भार मात्र वाढविणे आहे.

जोडीला पितळ का चालत नाही, तेही ह्यावरून उलगडते. बायकी तंबोऱ्याच्या ८५ सेंटिमीटर लांबीवर काळी चारचा षड्ज धरला तर पोलादी तारेत चौरस मिलिमीटरामागे सुमारे १०० किलो ताण येतो. वाद्याच्या चांगल्या पोलादी तारेस हा सहज पेलतो, कारण ती २०० किलोंच्याही पुढे टिकाव धरते. पितळेची तार त्या स्वरास चढण्यापूर्वीच तुटून हातावर येईल. म्हणून वर चढवावयाची तार पोलादाची आणि खाली राहावयाची पितळेची, ही वाटणी हौसेची नसून धातूंच्या स्वभावाची आहे.

मग नातीने करावे काय? उत्तम उपाय म्हणजे तिच्या पट्टीचा आखूड तंबोरा घेणे. स्त्रियांचे तंबोरे लहान असतात ते उचलावयास सोपे जावेत एवढ्यासाठीच नव्हे. उंच स्वरास आखूड तार मानवते म्हणूनही. ८५ सेंटिमीटर लांबीवर काळी चार ठेवून जोडीस ०.२८ मिलिमीटरची पोलादी तार लावली तर ताण पुन्हा सहा किलोंच्याच घरात येतो. तिच्याशी पंचम ०.३७ चा व खर्ज पितळी ०.५४ चा शोभेल. ह्याच वाद्यावर कोणी पुरुषी संचातील ०.३५ ची जोड लावली तर ताण साडेनऊ किलोंवर जाईल. बोट दुखेल, आणि नाद खुलण्याऐवजी आखडेल.

दुसरा तंबोरा घेणे परवडत नसेल तर आजोबांच्याच तंबोऱ्यावर बारीक तारा लावता येतात. एक मीटर लांबीवर काळी चारला जोड ०.२५ ची घेतली तर ताण पावणेसात किलोंच्या आसपास राहतो, आणि तबलीस धोका नाही. परंतु आरंभी सांगितलेला १३८ किलोंचा आकडा कायम असल्यामुळे अशी तार नवी व निर्दोष हवी. जेथे तिला पीळ पडला, गंज चढला किंवा खुंटीच्या भोकाशी ती तीव्र कोनात मुरडली, तेथे ती आधी दगा देते. शिवाय बारीक तारेचा आवाज मोठ्या भोपळ्याला हलविण्यास थोडा अपुरा पडतो. ही तडजोड आहे; पण गळ्याला खाली ओढण्यापेक्षा ती पुष्कळ बरी. लहान मुलांचा व वयात येणाऱ्या मुलांचा आवाज वर्षागणिक बदलतो. पट्टी बदलली की तारांचा संचही बदलावा लागतो, हे घरच्यांनी गृहीत धरूनच चालावे. तारांचा खर्च थोडा असतो. चुकीच्या पट्टीत घालविलेली दोन वर्षे मात्र भरून निघत नाहीत.

पट्टी तीच असूनही रागापरत्वे पहिल्या तारेचा स्वर बदलतो, हा आणखी एक प्रसंग. मालकंसात पंचम वर्ज्य. तेथे पहिली तार मध्यमात मिळवितात. पंचमावरून मध्यमावर येताना कंपनसंख्या नवांशाने घटते, आणि ताण सुमारे एकपंचमांशाने उतरतो. तार जरा सैल लागते, तरी बोलते. पुरियासारख्या रागात पंचम नसल्यामुळे पहिली तार निषादात मिळवावयाची असते. हा निषाद मध्य षड्जाच्या लगतच खाली. येथे कंपनसंख्या सव्वापट होते व ताण दीडपटीहूनही थोडा वर जातो. म्हणून ज्यांच्या गाण्यात असे राग वारंवार येतात त्यांनी पहिल्या जागी पितळेची तार न लावता पोलादी लावावी, आणि तीही पंचमाच्या हिशोबाहून एक पायरी बारीक. मध्यमाचे राग अधिक गाणाऱ्याने एक पायरी जाड घ्यावी. एका तारेवर तिन्ही स्वर काढावयाचे झाल्यास मधले माप बरे.

हे सारे तंबोऱ्यापुरतेच आहे असे कोणी समजू नये. हल्ली पुष्कळ घरांतील मुले विजेवरची गिटार हाती घेतात, आणि त्यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा असतो. त्या वाद्याच्या तारा इंचाच्या हजारांशांत मोजतात. सर्वांत बारीक तार दहा हजारांशांची, म्हणजे पाव मिलिमीटरची असली तर त्यास दहाचा संच म्हणतात. ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारीवर ही तार नेहमीच्या स्वरास आणली की तिच्यावर साडेसात किलोंना थोडा कमी ताण येतो. कित्येक वादक सगळी गिटार एक पूर्ण स्वर खाली उतरवून वाजवितात. तेव्हा ताण एकपंचमांशाने कमी होतो; तंबोऱ्याचा पंचम मध्यमावर आणल्यावर होतो तेवढाच. गेलेला ताण भरून काढण्यास दहाच्या जागी अकराचा संच घालावा लागतो. ज्याला बोटाने तार ओढून सतारीसारखी मींड घ्यावयाची आहे तो बारीक तार पसंत करतो. ज्याला जोराने छेडावयाचे आहे त्याला जाड तार हाताला भक्कम लागते. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. विजेच्या गिटारीत तारेखाली लोहचुंबक व तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात, आणि तारेतील लोखंड हलले तरच त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. तेथे पितळेची तार मुकी राहते. म्हणून खालच्या स्वरांसाठी पोलादी गाभ्याभोवती दुसरी बारीक तार गुंडाळून वजन वाढवितात. त्यायोगे तार जड होते, पण सळईसारखी ताठ होत नाही. खर्जाला पितळ लावण्यामागे जो हेतू, तोच येथे निराळ्या मार्गाने साधलेला आहे.

तारेचे माप जमले तरी तंबोरा लगेच बोलू लागतो असे नाही. त्याचा प्राण जवारीत आहे. तंबोऱ्याची घोडी धारदार नसून रुंद व किंचित बाकदार असते. तार कंप पावताना त्या उतारास पुनःपुन्हा टेकते व सुटते. घोडीवर तारेखाली सुताचा जो लहानसा धागा सरकवितात त्याने हे टेकणे नेमके होते, आणि एका तारेतून स्वयंभू स्वरांची माळ उमटू लागते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांसंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. साध्या तारेत जेथे छेडावे त्या ठिकाणी ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू पडतो ते उपस्वर उमटू नयेत, असा नियम आहे. तंबोऱ्यात व वीणेत मात्र ते ऐकू येतात आणि हा चमत्कार घोडीच्या घडणीचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. ह्यातून व्यवहाराचा धडा असा की, तारेची जाडी बदलली की तिचे घोडीवर टेकणेही बदलते. जाड तार लावल्यावर पूर्वीच्या जागेवरचा धागा निरुपयोगी होतो. तो नव्याने मागेपुढे सरकवून नाद जेथे खुलेल ती जागा शोधावी लागते. धाग्याने भागेना तर घोडीच घासून घ्यावी लागते. ते काम मात्र जाणत्या कारागिराचे आहे. घरी कानस हातात घेऊ नये.

तारा विकत घेताना नंबरांचा घोटाळा फार होतो. तारेच्या जाडीचे नंबर मोजण्याच्या दोन पद्धती बाजारात चालतात. ब्रिटनमध्ये १८८४ पासून कायद्याने ठरलेल्या मोजणीत नंबर वाढेल तशी तार बारीक होते : २२ नंबरची ०.७१ मिलिमीटर, २६ ची ०.४६, २९ ची ०.३५ च्या किंचित आत, ३२ ची ०.२७. पियानोच्या पोलादी तारेच्या मोजणीत ह्याच्या नेमके उलट. तेथे नंबर वाढेल तशी तार जाड होते, आणि तीन नंबरची तार ०.३० मिलिमीटरची असते. तेव्हा नुसता नंबर सांगून तार मागविणारा फसण्याचा संभव आहे. मिलिमीटरांत माप विचारावे, आणि शक्य तर सूक्ष्ममापकात धरून पाहावे. शाळेच्या प्रयोगशाळेत हे साधन असते, आणि त्याचा याहून चांगला उपयोग क्वचितच होत असेल.

तार चढवितानाही काही पथ्ये पाळावी लागतात. जोडीच्या दोन तारा एकाच वेटोळ्यातून, एकाच वेळी बदलाव्या. एक जुनी व एक नवी असली तर त्या कधी एकजीव होत नाहीत. लंगोटाशी फासा घट्ट व आटोपशीर घालावा. खुंटीवर तारेचे चारपाच वेढे शेजारी शेजारी बसवावे, एकावर एक चढवू नयेत. मणी आधी ओवून घ्यावे आणि बारीक फरक खुंटीने न करता त्यांनीच करावा. नवी तार पहिले दोनतीन दिवस उतरत राहते; ती रोज थोडी थोडी चढवावी, एका दमात ओढू नये. चारी तारा एकदम काढून वाद्य मोकळे ठेवू नये. एक काढावी, एक लावावी, म्हणजे तबलीवरचा भार एकाएकी बदलत नाही. गाणे संपल्यावर तारेवरून कोरडे फडके फिरवावे. धाराशिवचा उन्हाळा कोरडा, पावसाळ्यात हवा दमट. ह्या फेरात लाकूड आकसते व फुगते, आणि पोलादावर गंज चढतो. गंजलेली तार जागोजाग जाडबारीक होते. तिची कंपने शुद्ध राहत नाहीत, आणि कितीही मिळविली तरी ती मिळत नाही. अशा तारेवर स्वर साधणाऱ्या मुलाचा कानच बिघडण्याची भीती असते.

हल्ली कळ दाबताच हव्या त्या पट्टीत वाजणारी यंत्रे व फोनमधील तंबोरेही मिळतात. प्रवासात व भाड्याच्या खोलीत त्यांची सोय मोठी आहे. परंतु ज्या घरी खरा तंबोरा आहे त्या घराने त्याला मुका ठेवू नये. तो मांडीशी घेऊन, कानाशी धरून मिळविता मिळविता स्वराचे जे शिक्षण होते ते तयार सुरातून होत नाही. त्यासाठी एक साधी व्यवस्था पुरेशी आहे. तंबोऱ्याच्या गवसणीत एक चिठ्ठी ठेवावी, आणि तिच्यावर गाणाऱ्याचे नाव, पट्टी, घोडीपासून अटीपर्यंतची लांबी, चारी तारांची मिलिमीटरांतील जाडी व त्या बदलल्याची तारीख लिहावी. नातीचा गळा बदलला की चिठ्ठीवर नवी ओळ येईल. तिच्यानंतर जो कोणी त्या वाद्याला हात लावील त्याला ह्या तारा कोणत्या गळ्यासाठी बसविल्या होत्या हे कळेल, आणि आपल्या गळ्यासाठी कोणत्या बसवाव्या हेही ठरविता येईल.